बिरड्याचा सण आणि जागल्याची हाक



सणाच्या नावावरून तो आनंदाचा की दुःखाचा, हे नेहमीच ओळखता येते असे नाही. कोकणात, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल लोकांच्या घरी आषाढ-श्रावणाच्या सुमारास एक सण येत असे. त्याचे नाव बिरड्याचा सण. वाल भिजत घालायचे, त्यांना मोड आणायचे, एकेक दाणा सोलायचा आणि त्याचे बिरडे करून भाताबरोबर खायचे. त्याआधीचे आठ दिवस घरात मांस शिजवायचे नाही. नाव ऐकून एखाद्याला वाटेल, पावसाळ्यातला हा काही खाण्यापिण्याचा सण असावा. पण तो होता सुतकाचा दिवस. कोकणापासून हजार कोसांहून दूर असलेले एक शहर अडीच हजार वर्षांपूर्वी जळाले, त्यातले देऊळ जळाले, त्याची ती आठवण. शहराचे नाव जेरुसलेम. मराठी बायबलात त्याला यरुशलेम म्हटले आहे.

हे शहर जळण्यापूर्वी सुमारे चाळीस वर्षे एक माणूस तिथल्या लोकांना सावध करीत होता. त्याचे ऐकले गेले नाही. हिब्रू धर्मग्रंथात देवाचा इशारा म्हणून जे सांगितले आहे, त्याचा नेमका अर्थ काय आणि तो कानाआड करणाऱ्यांचे पुढे झाले काय, हे आज आपल्याला पाहायचे आहे. विषय दूरचा वाटेल. पण ही आठवण मराठी बोलणाऱ्या घरांनी जपली, म्हणून तो आपल्याही जवळचा आहे.

आधी या घरांची ओळख करून घेऊ. बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची लेकरे. त्यांची परंपरा अशी सांगते, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक जहाज फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ही मंडळी नेमकी कोणत्या शतकात आली, याविषयी विद्वानांची मते निरनिराळी आहेत. ती कोकणात राहिली, मराठी बोलू लागली, तेलघाणे चालवू लागली. शनिवारी मात्र त्यांचा घाणा बंद असे. म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर, केहिमकर अशी त्यांची आडनावे गावांवरूनच पडली. त्यांच्यापाशी पोथ्या नव्हत्या, हिब्रू भाषाही फारशी उरली नव्हती. पण शनिवारचा विसावा, एका देवाच्या नावाचा मंत्र आणि काही उपवास त्यांनी सोडले नाहीत. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८९७ च्या सुमारास आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण अशा अस्सल मराठी नावांच्या यादीत आपला बिरड्याचा सणही आहे.

आता मूळ गोष्टीकडे वळू.

हिब्रू धर्मग्रंथात ज्यांना संदेष्टे म्हटले आहे, त्यांना आपण चटकन भविष्य सांगणारे समजतो. तसे ते नव्हते. जोशीबुवा सांगतात ते होणारच असे सांगतात. संदेष्टा सांगतो ते होऊ नये म्हणून सांगतो. हा फरक फार महत्त्वाचा आहे, बरं का.

यहेज्केल नावाच्या संदेष्ट्याने हे एका दृष्टान्ताने स्पष्ट केले आहे, आणि तो दृष्टान्त आमच्या मारेगाव-वणीकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरजच नाही. आपल्याकडे पीक भरात आले, की रात्री माणूस जागलीला जातो. माळ्यावर बसतो. रानडुकरे आली की आरोळी देतो. यहेज्केल म्हणतो, संदेष्टा हा गावाचा जागल्या आहे. शत्रू येताना दिसला आणि त्याने शिंग फुंकले नाही, तर मेलेल्यांचा दोष जागल्याच्या माथी. पण त्याने शिंग फुंकले आणि लोक कूस बदलून झोपून राहिले, तर दोष ज्याचा त्याच्या माथी. म्हणजे जागल्याचे काम हाक देण्यापुरते. उठायचे की नाही, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे.

ऐकले तर काय होते, याचीही गोष्ट त्याच ग्रंथात आहे. योना नावाचा संदेष्टा निनवे शहरात गेला. हे शहर म्हणजे अश्शूरी साम्राज्याची राजधानी. आजच्या इराकमध्ये मोसुलजवळ तिग्रीस नदीच्या काठी तिचे अवशेष आहेत. चाळीस दिवसांत हे शहर उलथेल, असे योनाने सांगितले. गोष्ट सांगते, की राजा सिंहासनावरून खाली उतरला, गोणपाट नेसून राखेत बसला, माणसांनी तर उपास केलाच पण गुराढोरांनाही चारापाणी दिले नाही. आणि शहर वाचले. यात गंमत अशी, की शहर वाचले म्हणून योनाच रुसून बसला. आपले शब्द खोटे पडले असे त्याला वाटले. पण इशारा खोटा पडणे, हेच इशाऱ्याचे खरे यश. ही कथा इतिहास म्हणून नव्हे, बोध म्हणून लिहिलेली आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. उपवासाच्या मोठ्या दिवशी, ज्याला बेने इस्राएल लोक दारफाळणीचा सण म्हणत, त्या दिवशी यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरांत दुपारी हीच योनाची पोथी वाचतात. परक्यांनी ऐकले आणि ते तरले, हे आपल्याच मंदिरात दरवर्षी वाचायला मोठे मन लागते.

या लोकांची तेव्हा दोन राज्ये होती. उत्तरेचे इस्राएल आणि दक्षिणेचे यहूदा. उत्तरेच्या राज्यात इसवी सनापूर्वी आठव्या शतकात आमोस उभा राहिला. तो तकोवा गावचा मेंढपाळ. उंबराच्या जातीच्या झाडांची निगराणी करणारा. पैशासाठी गरिबाला विकतात, मापात पाप करतात आणि वर सण थाटात साजरे करतात, असे त्याने तोंडावर सांगितले. बेथेलच्या पुजाऱ्याने त्याला बजावले, की तू आपल्या गावी जा आणि तिकडेच काय ते सांग. पुढे इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरी सैन्याने शोमरोन ही राजधानी घेतली आणि ते राज्य संपले.

राहिले दक्षिणेचे यहूदा. आपल्या यवतमाळ जिल्ह्यापेक्षाही लहान असे हे राज्य. एका बाजूला मिसर, दुसऱ्या बाजूला आधी अश्शूर आणि मग बाबेल. दोन मोठ्या दगडांमध्ये सापडलेला दाणाच म्हणा ना!

या राज्यात मीखा नावाचा एक खेडूत संदेष्टा होऊन गेला. लोक रात्री अंथरुणात पडून दुसऱ्याचे शेत कसे बळकवायचे याचे बेत करतात आणि उजाडताच ते तडीस नेतात, हे त्याचे म्हणणे. असेच चालले तर राजधानीवर नांगर फिरेल, असे त्याने सांगितले. त्या वेळी राजा हिज्कीया गादीवर होता. त्याने मीखाला धरले नाही. त्याचे ऐकले, आणि देवाला शरण गेला. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरी राजा सन्हेरीब चालून आला. त्याचा स्वतःचा लेख आज उपलब्ध आहे. तटबंदीची ४६ गावे घेतली आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडले, अशी बढाई त्यात आहे. पण यरुशलेम घेतले, असे त्यात कुठेही नाही. शहर वाचले. मोठी खंडणी द्यावी लागली, खेडी उजाड झाली, पण शहर वाचले.

आणि इथेच पुढच्या नाशाचे बी पडले. शहर एकदा वाचले, तेव्हा ते नेहमीच वाचणार, असे लोक धरून चालले. देवाचे घर इथे आहे, मग आपल्याला कोण हात लावतो? मीखाचे ऐकले म्हणून वाचलो, हे ते विसरले.

सुमारे शंभर वर्षांनी यिर्मया पुढे आला. अनाथोथ या यरुशलेमजवळच्या लहान गावातला पुरोहिताचा मुलगा. बोलावणे आले तेव्हा मी अजून पोर आहे, मला बोलता येत नाही, असे म्हणून तो मागे सरत होता. हाच माणूस देवळाच्या दारात उभा राहून लोकांना म्हणाला, की या देवळाच्या भरवशावर राहू नका. परक्याला, पोरक्याला, विधवेला छळणे सोडा. नाहीतर हेही देऊळ पडेल. पुजारी खवळले. याला ठार करा, असा आरडाओरडा झाला. तेव्हा गावोगावचे काही वडीलधारे उठून उभे राहिले. त्यांनी मीखाची आठवण दिली. मीखाने हेच सांगितले होते, हिज्कीयाने त्याला मारले काय? या एका जुन्या आठवणीमुळे यिर्मयाचा जीव वाचला. पण उरीया नावाच्या दुसऱ्या एका संदेष्ट्याला मात्र राजाने मिसर देशातून धरून आणवले आणि मारले.

इ.स.पू. ६०५ मध्ये कर्कमीशच्या लढाईत बाबेलच्या नबुखद्नेस्सराने मिसरच्या सैन्याचा पराभव केला. वारे कोणीकडे वाहते आहे, हे आता स्पष्ट झाले होते. यिर्मयाने आजवरची आपली सगळी वचने बारूख नावाच्या लेखनिकाकडून एका गुंडाळीवर लिहून घेतली. ती गुंडाळी राजा यहोयाकीम याच्यासमोर वाचली गेली तो प्रसंग ऐकण्यासारखा आहे. थंडीचे दिवस. राजा हिवाळ्याच्या महालात बसलेला. समोर शेगडी पेटलेली. वाचणारा तीन-चार रकाने वाची, की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापी आणि शेगडीत टाकी. पुन्हा तीन-चार रकाने, पुन्हा चाकू, पुन्हा शेगडी. दोघातिघांनी जाळू नका म्हणून विनवले. राजाने ऐकले नाही. अशी सबंध गुंडाळी जळाली.

मग झालं काय? यिर्मया आणि बारूख लपले होते. त्यांनी दुसरी गुंडाळी घेतली आणि सारे पुन्हा लिहून काढले. शिवाय तशीच आणखी पुष्कळ वचने त्यात घातली. राजाने एक शेगडी पेटवली आणि ग्रंथ होता त्याहून मोठा झाला.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पहिल्यांदा घेतले. बाबेलच्या दरबारी बखरीत याची नोंद आहे. ती विटकरीवरची नोंद वाचून १९५६ साली प्रसिद्ध झाली. तरुण राजा यहोयाखीन, कारागीर आणि मोठी मंडळी यांना बाबेलला नेले. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर या राजाला आणि त्याच्या मुलांना मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याचा हिशेबही लिहिलेला आहे. धर्मग्रंथातली नावे अशी परक्यांच्या हिशेबात सापडतात, तेव्हा आपण नुसत्या कथेत नाही, इतिहासात उभे आहोत याची खात्री पटते.

गादीवर नबुखद्नेस्सराने सिद्कीयाला बसवले. देऊळ शाबूत होते, शहर शाबूत होते. अजून वेळ होती. यिर्मया खांद्यावर लाकडी जू घेऊन हिंडू लागला. बैलाच्या मानेवर असते तसले जू. बाबेलचे जू मानेवर घ्या आणि जिवंत राहा, असे त्याचे सांगणे. तेव्हा हनन्या नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याने सर्वांदेखत ते जू ओढून मोडले आणि जाहीर केले, की दोन वर्षांत बाबेलची सत्ता अशीच मोडेल आणि नेलेली देवळातली भांडी परत येतील. लोकांना कोणाचे बोलणे गोड वाटले असेल, ते सांगायला नको. यिर्मयाचे उत्तर असे, की लाकडाचे जू मोडलेत, आता त्या जागी लोखंडाचे येईल.

सिद्कीयाने मिसरच्या भरवशावर बंड केले. बाबेलच्या सैन्याने वेढा घातला. आणि या वेढ्यात एक गोष्ट घडली, तिच्याकडे मी शिक्षकबंधूंचे खास लक्ष वेधू इच्छितो.

त्या लोकांचा धर्मनियम असा होता, की कर्जापायी आपल्याच जातीचा माणूस गुलाम झाला, तर सातव्या वर्षी त्याला मोकळे करावे. हा नियम धनिकांनी कधीच गुंडाळून ठेवला होता. वेढा पडला, पोटात गोळा आला, तेव्हा राजाने देवळात शपथ घालून सर्व गुलाम मोकळे करवले. एवढ्यात मिसरचे सैन्य निघाल्याची बातमी आली आणि बाबेलवाले वेढा उठवून तिकडे गेले. संकट टळले! लगेच त्याच मालकांनी त्याच गडीमाणसांना आणि दासींना पुन्हा धरून कामाला जुंपले. आपल्याकडे पाडव्याला सालगड्याचे साल ठरते. त्याचे साल भरले, हिशेब झाला आणि चार दिवसांनी मालकाने त्याला फरफटत परत आणले, अशी कल्पना करा. यिर्मयाने या वेळी जितके कठोर शब्द वापरले, तितके क्वचितच वापरले असतील. तुम्ही यांना मोकळीक दिलीत आणि काढून घेतलीत, तर आता तलवारीला, रोगराईला आणि दुष्काळाला तुमच्यावर मोकळीक मिळेल, असा त्याचा आशय होता. वेढा पुन्हा पडला, आणि मग उठला नाही.

म्हणजे इशारा ऐकू आला नव्हता, असे नाही. तो ऐकला होता, पटला होता, थोडा पाळलाही होता. भीती गेली तशी शपथ गेली.

यिर्मयाचे यापुढे हाल झाले. वेढा सैल झाला त्या दिवसांत तो आपल्या गावी वाटणीच्या जमिनीच्या कामाला निघाला, तर वेशीवरच फितूर म्हणून धरला गेला. हा बोलतो त्याने शिपायांचे हातपाय गळतात, अशी सरदारांनी तक्रार केली आणि त्याला एका कोरड्या टाक्यात सोडले. टाक्यात पाणी नव्हते, गाळ होता. त्या गाळात तो रुतला. त्याला वाचवले ते एका परदेशी चाकराने. एबद-मलेख त्याचे नाव. कूश देशचा, म्हणजे आफ्रिकेतला. राजाची परवानगी घेऊन तो माणसे आणि दोर घेऊन आला. पण नुसता दोर टाकला नाही. आधी जुनी फाटकी लुगडीधोतरे खाली सोडली आणि सांगितले, की ती काखेत घे, म्हणजे दोर रुतणार नाही. विहिरीत उतरलेल्या माणसाला वर काढण्याचा प्रसंग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या चिंध्यांची किंमत कळेल. राजवाड्यात एवढी मंडळी होती. पण इशारा देणाऱ्याच्या काखा सोलतील, याचा विचार एका परक्याने केला.

त्याच दिवसांतली एक खापरी आपल्या हाती आली आहे. यहूदातल्या लाखीश किल्ल्याच्या उत्खननात जे. एल. स्टार्की यांना १९३५ साली शाईने लिहिलेल्या मातीच्या खापऱ्या सापडल्या. पत्रेच ती, चौकीवरच्या अंमलदाराने वरिष्ठाला लिहिलेली. एका खापरीत तो कळवतो, की आम्ही लाखीशच्या जाळाच्या खुणेकडे डोळे लावून आहोत, अजेकाची खूण काही दिसत नाही. धर्मग्रंथात लिहिले आहे, की यहूदाच्या तटबंदीच्या नगरांत शेवटी लाखीश आणि अजेका हीच दोन उरली होती. दुसऱ्या एका खापरीत हातपाय गाळणाऱ्या बोलण्याबद्दलची तीच तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत आहे. फक्त इथे ठपका सरदारांवर आहे. म्हणजे जे संदेष्ट्यावर फितुरीचा आरोप करीत होते, त्यांच्याच बोलण्याने शिपायांचा धीर खचत होता, असे चौकीवरच्या माणसाला वाटत होते.

दीड वर्षाच्या वेढ्यानंतर, इ.स.पू. ५८६ मध्ये, काहींच्या मते ५८७ मध्ये, तटाला भगदाड पडले. शहरात भाकर उरली नव्हती. सिद्कीया रात्री पळाला. यरीहोच्या मैदानात सापडला. त्याच्या डोळ्यांदेखत त्याची मुले मारली आणि मग त्याचे डोळे काढले. महिन्याभराने देऊळ, राजवाडा आणि घरे जाळली. तारीख एका पोथीत सातवी आहे, दुसरीत दहावी. परंपरेने आब महिन्याचा नववा दिवस धरला. तोच हा बिरड्याचा सण.

इतके झाल्यावर तरी ऐकले का? देशात बाबेलवाल्यांनी फक्त गोरगरीब ठेवले आणि त्यांना शेते व द्राक्षमळे दिले. जे काल दुसऱ्याच्या बांधावर राबत होते, त्यांना नाशातून जमीन मिळाली. त्यांच्यावर गदल्या नावाचा भला अधिकारी नेमला. तुमचा खून होणार आहे, असे एका सेनापतीने त्याला सांगितले. त्याने विश्वास ठेवला नाही, आणि जेवायला बसला असताना मारला गेला. घाबरलेले लोक यिर्मयाकडे आले. सांगाल ते करू, म्हणाले. मिसरला जाऊ नका, असे त्याने सांगितले. ते गेले, आणि त्यालाही बरोबर घेऊन गेले!

आता कोणी विचारील, की प्राध्यापकसाहेब, हा देवाचा कोप मानायचा की राजकारणातली चूक? याचे उत्तर मी असे देईन. कोप मानणे न मानणे हा श्रद्धेचा भाग आहे. इतिहासाला जे दिसते ते एवढे: शेजारच्या सत्तेचे बळ ओळखले नाही, मिसरच्या पोकळ आधारावर विसंबले, आणि आपल्याच माणसांना इतके नाडले, की वेढ्याच्या वेळी शहर एकजीव राहिले नाही. यिर्मया ही तिन्ही कारणे सांगत होता. तो त्यांना देवाच्या नावाने सांगत होता, पण ती डोळ्यांसमोर घडत होती. आपल्या महाभारतात विदुराने धृतराष्ट्राला सांगितले ते तरी वेगळे काय होते?

याबरोबर एक सावधगिरीही हवी. ज्याच्यावर आपत्ती आली त्याने पाप केलेच असणार, असा उलटा हिशेब कोणी करू नये. त्याच धर्मग्रंथात इयोबाची पोथी आहे, आणि निर्दोष माणसावरही दुःख येते, हे ती पोथी बजावून सांगते. दुष्काळाने मेलेल्या शेतकऱ्याला दोष देण्यासाठी यिर्मया नव्हता. तो उभा होता ते सत्ता आणि साधन हाती असूनही न ऐकणाऱ्यांसमोर.

पण मला या इतिहासात सर्वात मोठी वाटते ती गोष्ट पुढेच आहे. जगात हरलेले लोक पुष्कळ झाले. हरल्यावर आपल्या राजांचे पोवाडे गाऊन मन रमवणारेही पुष्कळ. या लोकांनी जपला तो आपल्याला दोष देणारा माणूस. राजाच्या आज्ञा कोणी पाठ केल्या नाहीत. राजाने जाळलेली गुंडाळी पाठ केली. आपण ऐकले नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आणि मुलांना शिकवले. देऊळ गेले, राज्य गेले, तरी हे लोक टिकले, याचे एक कारण मला यात दिसते.

आणि यिर्मया नुसता नाशच सांगत नव्हता. वेढा चालू असताना, स्वतः कैदेत असताना, त्याने अनाथोथचे एक शेत चुलतभावाकडून विकत घेतले. सतरा शेकेल, म्हणजे सुमारे दोनशे ग्रॅम, चांदी तोलून दिली. साक्षीदारांसमोर खरेदीखत झाले. एक प्रत मोहरबंद, एक उघडी. दोन्ही मडक्यात घालून ठेवायला सांगितल्या, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. शत्रू दाराशी असताना जमीन कोण घेतो? या देशात पुन्हा घरे आणि शेते घेतली जातील, असा ज्याचा विश्वास आहे तोच. बाबेलला नेलेल्यांना त्याने पत्र धाडले त्यातही हेच होते: तिथे घरे बांधा, मळे लावा, लेकरांची लग्ने करा, आणि ज्या नगरात राहाल त्याचे भले चिंता. इ.स.पू. ५३८ च्या सुमारास इराणचा राजा कोरेश याने त्यांना परतण्याची मोकळीक दिली, तेव्हा परतायला माणसे उरली होती ती यामुळेच.

कोकणातल्या आपल्या शनवार तेल्यांनी याहून वेगळे काय केले? घाणे लावले, गावच्या सुखदुःखात मिसळले, आणि आपली आठवण वालाच्या बिरड्यात ठेवली. पुढे १७९६ साली सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. १८८० च्या सुमारास त्यांच्यात मराठी कीर्तनेही सुरू झाली, आणि हिब्रू ग्रंथातल्या कथा टाळमृदंगाच्या तालावर ऐकू येऊ लागल्या. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक लोक इस्राएलला गेले. तिथेही त्यांनी मायबोली नावाचे मराठी नियतकालिक चालवले. जे थोडे राहिले, त्यांना महाराष्ट्र शासनाने २०१६ साली अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

शिक्षकबंधूंना जाता जाता एक सुचवतो. मुलांना ही गोष्ट सांगाल, तेव्हा शेवटी नाश कसा झाला हे विचारू नका. ते सगळ्यांच्या लक्षात राहते. विचारा, की या गोष्टीत ऐकले कोणी? हिज्कीयाने ऐकले. निनवेने ऐकले. मीखाची आठवण देणाऱ्या त्या गावकऱ्यांनी ऐकले. चिंध्या घेऊन धावणाऱ्या एबद-मलेखाने ऐकले. मोजायला गेले तर नावे थोडी भरतील. पण दर वेळी काहीतरी वाचले आहे, कधी एक शहर, कधी एक जीव.

जागल्या रोज रात्री आरोळी देतो. त्याने झोप मोडते, म्हणून त्याला माळ्यावरून खाली ओढणारा मालक आपल्या गावात कोणी नसावा.